कॅसेट क्रमांक सहाची दुसरी बाजू

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
जिल्हा श्राव्य ग्रंथ केंद्र,
दृष्टिहीन सभासद विभाग, बुलडाणा.

अर्जदार : हिंमतराव किसनराव वायाळ, सभासद क्र. ६३,
मु. पो. डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलडाणा.

विषय : ग्रंथ क्र. ४१७ च्या परत मागवलेल्या अडतीस सीडी दि. १४ सप्टेंबर रोजी नष्ट न करणेबाबत.

संदर्भ : १) केंद्राचे परिपत्रक दि. २० फेब्रुवारी २०१२
२) माझा अर्ज दि. ९ एप्रिल २०१२, आवक क्र. २१२ (कोरा)
३) माझा तक्रार अर्ज दि. २५ जून २०१२
४) आपले पत्र दि. १६ ऑगस्ट २०१२

महोदय,

१. सविनय सादर करतो की, मी जन्मापासून दृष्टिहीन असून मेहकर येथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून एकतीस वर्षे नोकरी करून सन २००८ मध्ये निवृत्त झालो आहे. हा अर्ज मी स्वतः टंकलिखित केला आहे. कागदावर अक्षरे उमटली आहेत, एवढे शेजारच्या छायाबाई यांनी पाहून दिले. मजकूर बदलण्याचा अधिकार त्यांना दिलेला नाही. त्यांनी दोन ठिकाणी "हे काऊन लिहिता भाऊजी, साहेब हसतीन" असे म्हटले. ती दोन्ही ठिकाणे मी तशीच ठेवली आहेत.

२. सन १९९१ पासून केंद्र मला टपालाने कॅसेटी पाठवत आले आहे. कापडी पिशवी, तिला सहा खण, वर पत्त्याची चिठ्ठी. चिठ्ठीच्या एका बाजूला माझा पत्ता, उलटवली की केंद्राचा. ऐकून झाले की चिठ्ठी उलटवायची आणि पोस्टमनच्या हाती द्यायची. एकवीस वर्षांत माझ्याकडून एक कॅसेट हरवलेली नाही की एक दिवस उशीर झालेला नाही. रजिस्टर उघडून पाहावे. मी हे बढाई म्हणून लिहीत नाही. पुढे जी चूक कबूल करणार आहे ती सवयीच्या निष्काळजी माणसाची नाही, एवढे कळावे म्हणून लिहितो.

३. माझी पत्नी सुभद्राबाई डोळस होती, शिक्षण चौथी. पोटाच्या आजाराने दि. ९ डिसेंबर २०१० रोजी, गुरुवारी, ती वारली. त्याच्या आदल्या महिन्यात मी बँकेत हयातीचा दाखला देण्यासाठी मेहकरला गेलो होतो. मी जिवंत आहे हे दाखवायला मी तिकडे रांगेत उभा होतो, आणि इकडे तिने दार लावून घेतले, माझा टेपरेकॉर्डर पुढ्यात ओढला आणि एका कोऱ्या कॅसेटवर आमच्या घरातील कोणती वस्तू कुठे आहे ते सगळे सांगून ठेवले. तिला कोणी सांगितले नव्हते. मशीनची बटणे ती माझ्या हाताकडे पाहून पाहून शिकली असावी. मी परत आल्यावर कॅसेट माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मी गेल्यावर लावजा. आत्ता नाई." मी रागावलो. असले अभद्र बोलू नको म्हणालो आणि जेवलो नाही. त्या जेवणाचे मला आजही वाईट वाटते.

४. त्या कॅसेटवर काय आहे हे आपल्या कार्यालयास माहीत आहे, तरी नोंदीसाठी पहिल्या बाजूची सुरुवात देतो. मला ती पाठ आहे. "ऐका बरं आता. कोनाले इचारत फिरू नका. गॅसच्या ओट्यावर डाव्या हाताले पयला डबा साखरेचा, त्याले मी रबर बांधलं. दुसरा मिठाचा, त्याले काई नाई. साखर समजून मीठ टाकसान चहात, अन् मंग मलेच शिव्या देसान. तिसरा मिरचीचा. त्याच्यात हात घातला तं तो हात डोयाले लावू नका, मी नाई तिथं फुंकर मारायले." असे अर्धा तास चालते. मध्ये दोनदा खोकला आहे. एकदा बाहेर कोणीतरी हाक मारते, त्याला ती "आली वं माय, थांब" म्हणते. शेवटी म्हणते, "बाकीचं मागल्या बाजूले सांगते. पलटवा आता."

५. महोदय, मी पलटवली नाही.

पंधरा महिने दर गुरुवारी सकाळी चहा झाल्यावर मी पहिली बाजू ऐकत असे. "पलटवा आता" येथपर्यंत आलो की बंद करत असे आणि पुन्हा मागे फिरवून ठेवत असे. दुसरी बाजू ऐकली की तिचे सांगणे संपले, मग मला सांगण्यासारखे तिच्याकडे काही उरले नाही, असे मला वाटायचे. न ऐकलेली बाजू घरात आहे तोवर तिचे काहीतरी बोलणे बाकी आहे, हा त्यातला हिशोब. स्वयंपाकघर पहिल्या बाजूला आले आहे, म्हणजे आतली खोली आणि लोखंडी पेटी दुसऱ्या बाजूला असणार. त्यामुळे दोन हिवाळे मी रजई न घेता काढले. रजई घरातच आहे, कुठे जाणार? पण मी शोधली नाही. तिने सांगितल्यावरच घ्यायची असे ठरवले होते. छायाबाईंनी स्वतःच्या घरची आणून दिली ती मी परत पाठवली. ज्या दोन ठिकाणी त्या "हे काऊन लिहिता" म्हणाल्या, त्यापैकी हे एक.

६. आता चूक. केंद्राच्या संदर्भ क्र. १ च्या परिपत्रकात असे होते की, यापुढे कॅसेट सेवा बंद होऊन सीडी सेवा सुरू होत आहे, तरी सर्व सभासदांनी ३१ मार्चपर्यंत सर्व कॅसेटी जमा कराव्यात, अन्यथा सीडी-प्लेअर मिळणार नाही. माझ्याकडे त्या वेळी ग्रंथ क्र. ४१७, ऐतिहासिक कादंबरी, एकूण सहा कॅसेटी, एवढे साहित्य होते. दि. २७ मार्च रोजी मी सहा कॅसेटी मोजून पिशवीत भरल्या, चिठ्ठी उलटवली आणि पाठवल्या.

डोळस माणूस विचारेल की बायकोची कॅसेट ओळखू कशी आली नाही. त्याचे उत्तर असे. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन बारीक कपच्या असतात. त्या तोडल्या की त्या कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही, आहे ते पुसले जात नाही. केंद्राच्या सर्व कॅसेटींच्या कपच्या तोडलेल्या असतात आणि आम्ही सभासद बोट फिरवून तेवढ्यावरून ओळखतो की ही केंद्राची, ही घरची. कॅसेटवर चिकटवलेल्या कागदावरची ब्रेल तर दहा जणांच्या हातून जाऊन सपाट झालेली असते. ही कपच्यांची गोष्ट मीच कधीतरी बोलता बोलता सुभद्राला सांगितली होती. तिने ती लक्षात ठेवली, आणि माझ्या हातून चुकूनही तिचे बोलणे पुसले जाऊ नये म्हणून आपल्या कॅसेटच्या दोन्ही कपच्या तोडून ठेवल्या. मी त्या कॅसेटला दोरा बांधला नाही, चिकटपट्टी लावली नाही. तिला ओळखायला मला खूण लागते काय, असा माझा तोरा होता. केंद्राची सहावी कॅसेट मशीनमध्ये राहिली आणि टेबलावरची सुभद्राची पिशवीत गेली.

गुरुवारी, २९ मार्चला, चहा घेऊन बटण दाबले तर घोडे धावायला लागले. कादंबरीतली लढाई. मला वाटले मशीन बिघडले. बटण तीन वेळा दाबले. मग कॅसेट काढून हातात घेतली आणि खालीच बसलो.

७. दि. २ एप्रिल रोजी मी एसटीने बुलडाण्यास येऊन आपल्या कार्यालयात हजर झालो. लिपिक श्री. कुलदीप यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. जमा झालेल्या सर्व कॅसेटी सीडी करणाऱ्या संस्थेकडे रवाना झाल्याचे त्यांनी सांगितले. केंद्राची खरी सहावी कॅसेट मी सोबत नेली होती. ही घ्या आणि ती द्या म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "काका, कॅसेटचं रजिस्टर एकतीस मार्चले बंद झालं. आता घेतली तं दाखवू कुठं?" मी ती कॅसेट पिशवीत घालून घरी आणली.

दि. ९ एप्रिल रोजी मी रीतसर अर्ज टाईप करून पाठवला. टाईपरायटरची फीत वाळलेली होती हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. दोन पाने पूर्ण लिहिले, रडलोही, आणि दोन्ही पाने कोरी गेली. आपल्या कार्यालयाने त्यास आवक क्र. २१२ दिला. मी ७ मे रोजी फोन केला तेव्हा समजले की कोरा कागद नस्तीत लावून ठेवला आहे. एक महिना अशा रीतीने गेला. मी कार्यालयास दोष देत नाही. फक्त एवढेच की, कोरा कागद आला तर "हे काय बुवा" असे विचारायला एखादा फोन करता आला असता.

८. जून महिन्यात पहिल्या टप्प्यातील अडतीस सभासदांना सीडी मिळाल्या. मी दुसऱ्या टप्प्यात होतो. दि. २१ जून रोजी सोनाळा येथील सभासद श्री. गोकुळ यांचा फोन आला. ते माझ्यासारखेच पूर्ण दृष्टिहीन. सभासद मेळाव्यात सुभद्राने त्यांना दोन वेळा जेवायला वाढले होते, तेवढ्यावर त्यांनी आवाज ओळखला. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही बसून घ्या अगुदर. कादंबरीत वहिनी बोलून राह्यल्या."

या ग्रंथाच्या जमा झालेल्या सर्व पिशव्यांतून संस्थेने माझी पिशवी चांगल्या स्थितीतली म्हणून निवडली होती, आणि कोणीही न ऐकता सहा कॅसेटी सरळ सीडीत उतरवल्या होत्या. पाचव्या भागात राजपुत्र वेढ्यात सापडतो, आणि सहाव्या भागात माझी बायको साखरेच्या डब्याला रबर बांधते.

गोकुळरावांनी पुढे सांगायला सुरुवात केली की दुसऱ्या बाजूला वहिनींनी असे म्हटले आहे, तेव्हा मी फोन ठेवून दिला. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाचाही फोन असा तोडला नव्हता. मला ते दुसऱ्याच्या तोंडून नको होते. त्यांनी पुन्हा फोन करून, "बरं, मी नाई सांगत. तुम्ही सोनाळ्याले या, इथं बसून ऐका" म्हटले. मी म्हणालो, येईन, पण आधी माझी कॅसेट मिळू दे, मी माझ्या घरात बसून ऐकणार. मनात खरे असे होते की मला हिंमत नव्हती. नाव हिंमतराव आहे, तो भाग वेगळा.

सीडीला मागची बाजू नसते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. पहिली बाजू संपली की यंत्र न थांबता पुढे जाते. "पलटवा आता" म्हटल्यावर कोणालाच काही पलटवावे लागले नाही. जे पंधरा महिने माझ्याने झाले नाही, ते अडतीस घरांत आपोआप झाले.

रोहिणखेडच्या सभासद केसरबाई यांचाही फोन आला. त्या म्हणाल्या, "मी माह्या घरातले डबे बाईच्या सांगण्यापरमानं लावून घेतले. आता सून हलवते तं भांडते मी." त्या हसल्या. मीही हसलो. सुभद्रा गेल्यानंतर मी फोनवर हसलो तो तेवढाच.

९. यानंतर मी जे केले त्यास आमच्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. दि. २५ जून रोजी नवीन फीत घालून, छायाबाईंकडून अक्षरे तपासून, मी आपणास तक्रार अर्ज केला. त्यात "चूक" हा शब्द सहा वेळा आला आहे. केंद्राच्या सीडीत चुकून खाजगी ध्वनिमुद्रण गेले आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी आणि माझी कॅसेट मला परत मिळावी, असे लिहिले. माझा समज असा की, चूक ठळक दाखवली तर कॅसेट लवकर मिळेल.

एकवीस वर्षांत केंद्राने इतक्या तातडीने काम केल्याचे मला आठवत नाही. आठ दिवसांत परिपत्रक निघाले की, सभासद क्र. ६३ श्री. वायाळ यांच्या तक्रारीवरून ग्रंथ क्र. ४१७ च्या सर्व सीडी परत घेण्यात येत आहेत. शिपाई गावोगाव फिरून सीडी घेऊन आले. गोकुळरावांनी आधी नकार दिला होता. मग परिपत्रकात माझे नाव वाचून दाखवल्यावर त्यांना वाटले की ही माझीच इच्छा आहे, माझ्या बायकोचा आवाज परक्या घरात नको असे मला वाटत असेल. त्यांनी माझा मान राखून सीडी देऊन टाकली. मी दुसऱ्या दिवशी फोन केला, भाऊ, येतो सोनाळ्याला म्हणून, तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, सीडी तं मी कालच देऊन टाकली." बैल गेला अन् झोपा केला, दुसरे काय.

१०. दि. ३० जुलै रोजी मला सीडी-प्लेअर मिळाला आणि दुरुस्त सीडीही मिळाली. दुरुस्ती अशी की सहावा भाग काढून टाकला आहे. कादंबरी पाचव्या भागातच थांबते. केंद्राचे सर्व सभासद राजपुत्राचे काय झाले या चिंतेत आहेत आणि मला फोन करून विचारतात, कारण सहावी कॅसेट माझ्याकडे आहे. राजपुत्र सुखरूप आहे. कॅसेट या अर्जासोबत दुसऱ्यांदा सादर करतो, कृपया आता तरी स्वीकारावी.

११. आपल्या दि. १६ ऑगस्टच्या पत्रानुसार जुन्या सर्व कॅसेटी मोडीत काढल्या गेल्या आहेत, संगणकातील मूळ नोंदही दुरुस्त केली आहे, आणि "अवांतर आवाज असलेल्या" अडतीस सीडी कपाटात सीलबंद असून समितीसमक्ष १४ सप्टेंबर रोजी तोडण्यात येतील. हे पत्र छायाबाईंनी मला वाचून दाखवले. "अवांतर आवाज" या शब्दांपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अवांतर म्हंजे काय हो भाऊजी?" मी सांगितले, जरुरीपेक्षा जास्तीचा. त्या म्हणाल्या, "कोनाच्या जरुरीपेक्षा?" हा प्रश्न मी जसाच्या तसा आपणाकडे पाठवत आहे.

१२. तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे.

(अ) अडतीस सीडींपैकी एक, कोणतीही, ओरखडे पडलेली असली तरी चालेल, मला द्यावी.

(ब) केंद्राची मालमत्ता कायमची देता येत नसेल तर नियमाप्रमाणे पंधरा दिवसांच्या मुदतीने द्यावी. मी मुदतीत परत करीन आणि पुन्हा मागणी नोंदवीन. दर पंधरा दिवसांनी. माझे वय बासष्ट आहे, केंद्राला फार वर्षे त्रास होणार नाही.

(क) तेही शक्य नसेल तर १४ तारखेस समिती बसण्यापूर्वी मला कार्यालयात एकदा ऐकू द्यावी. मी व्हरांड्यात बसेन. सकाळच्या पहिल्या एसटीने येईन. मशीन मी घरून आणीन.

(ड) दप्तरी अडचण अशी असेल की एकदा चूक म्हणून नोंद झालेली वस्तू सभासदास देता येत नाही, तर माझा २५ जूनचा तक्रार अर्ज मी मागे घेतो. चूक झालीच नव्हती. ग्रंथ क्र. ४१७ चा सहावा भाग हाच आहे, राजपुत्राच्या कथेचा शेवट साखर, मीठ आणि मिरचीच्या डब्यांनीच होतो, असे प्रतिज्ञापत्र स्टॅम्पपेपरवर करून देण्यास मी तयार आहे. साक्षीदार म्हणून केसरबाई येतील.

छायाबाई दुसऱ्यांदा "साहेब हसतीन" म्हणाल्या त्या या ठिकाणी. हसावे, परंतु मंजूर करावे.

१३. मला आता ऐकायचे आहे. आधी नको होते, आता हवे आहे, हा माझ्या मनाचा घोळ आहे, कार्यालयाचा नाही. पाच महिने झाले, गुरुवार रिकामे जातात. साखरेचा डबा हाताला लागतो, मिठाचा लागतो, घरात कशाला अडत नाही. पण मागच्या आठवड्यात चहा करताना मी तिच्यासारखे "पयला डबा साखरेचा" असे मनात म्हणून पाहिले, तर आवाज माझाच आला. तिचा आला नाही. मी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. ज्याच्याकडे डोळे आहेत त्याच्याकडे निदान फोटो तरी राहतो साहेब. माझ्याकडे ती तेवढीच होती.

१४. हा अर्ज पोहोचण्यापूर्वीच सीडी तोडल्या गेल्या असतील तर वरील सर्व मागण्या रद्द समजाव्यात. मग एकच माहिती द्यावी. आपल्या कार्यालयात ज्या कोणी अवांतर आवाज तपासण्यासाठी ती सीडी शेवटपर्यंत ऐकली असेल, त्यांना विचारावे. तिने दुसऱ्या बाजूला काय सांगितले ते मला कळवू नये. रजई कुठे आहे तेही नको. फक्त एवढे कळवावे की, शेवटी तिचे सांगून झाले होते, की ती बोलत असतानाच टेप संपली.

उत्तराच्या वाटेवर कान लावून बसलेला,

हिंमतराव किसनराव वायाळ
सभासद क्र. ६३
डोणगाव, दि. ३ सप्टेंबर २०१२

सोबत : १) ग्रंथ क्र. ४१७ ची कॅसेट क्र. ६, केंद्राची
२) संदर्भ क्र. १, ३ व ४ च्या छायाप्रती